आकड्यांतला तंबोरा

"जवारी बंद वाटतेय गं. सूत सरकलं असेल," आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठत आत दिवा लावायला गेली. बोलणं एवढंच. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तार घसटून तंबोऱ्याला येणारा झणकार म्हणजे जवारी, आणि ती उघडावी म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये अडकवतात तो दोरा म्हणजे सूत. बाहेर पाऊस लागून राहिला होता, विश्रामबागच्या आमच्या गल्लीत पाणी साठायला लागलं होतं आणि टेबलावरच्या, ध्वनिमुद्रणाच्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या मी बनवलेल्या डब्यातून तंबोरा वाजत होता. त्या ध्वनिमुद्रणात गाणं सुरू व्हायच्या आधी मिनिटभर नुसता तंबोराच आहे. पंचम, जोड, जोड, खर्ज. मी मुद्दाम तोच भाग लावला होता. आदल्या रात्री डब्याचं मोजमाप काढलं होतं, आलेखाची तळरेषा हवी तितकी खाली बसली होती आणि हे कुणाला तरी ऐकवावं असं फार वाटत होतं. आणि आई म्हणते, सूत सरकलं असेल. सूत सरकायला त्या डब्यात सूत आहेच कुठे? एक नखाएवढी चिप, सहा ऑप-अँप, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर आणि एक ट्रान्सफॉर्मर. जो तंबोरा ऐकू येत होता त्याच्या तारा त्या बैठकीपुरत्या छेडल्या गेल्या त्याला पस्तीसेक वर्षं होऊन गेली असतील. त्या छेडल्या होत्या आईनेच.

ती ज्या सहजतेने बोलून गेली, त्या सहजतेनेच मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

ही ध्वनिमुद्रणं कुठून आली ते सांगायला हवं. माझे काका सांगलीत गावभागात राहायचे. वाड्याच्या माडीवर महिन्या-दोन महिन्यांनी बैठक व्हायची. मिरज-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातले गवई, त्यांचे शिष्य, कधी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर ध्वनिमुद्रणासाठी आलेलं कुणी. चाळीसएक माणसं सतरंजीवर, उशिरा येणारा जिन्याच्या पायरीवर. काका कोपऱ्यात टेप-रेकॉर्डर लावून बसत आणि कॅसेट उलटायची वेळ आली की पुढचा ख्याल सुरू होऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाचा धावा करत, असं काकू सांगायची. आई मिरजेत किराणा घराण्याचं गाणं शिकलेली, पण बैठकीत ती बहुतेक वेळा मागे तंबोऱ्यावर असायची. पुढे माझ्या चुलत भावाने एका सुट्टीत त्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरच्या लाइन-इनमधून आत घेतल्या, सीडीच्याच मापात: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. प्रत्येक फाइलीला कॅसेटच्या कव्हरवर काकांनी लिहिलेलं नाव दिलं आणि हार्ड डिस्क तो पुण्याला घेऊन गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि गावभागातल्या वाड्याची खालची खोली, जिथे कॅसेटचं कपाट होतं, पार बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही कपाट उघडलं तेव्हा कॅसेटच्या खिडक्यांतून गाळ दिसत होता. काही फिती मी धुऊन, सावलीत वाळवून पाहिल्या. त्यांतून काही निघण्यासारखं राहिलं नव्हतं.

म्हणजे आता उरले ते आकडे. मूळ फीत नाही, कव्हर नाही, काका नाहीत, गाणाऱ्यांपैकीही बरेच नाहीत. बैठकीतला आवाज म्हणून जे काही आहे ते पुण्याच्या त्या डिस्कवरच्या संख्यांत आहे आणि त्या संख्यांचा पुन्हा आवाज करणारं जे यंत्र असेल तेवढाच त्या माडीवर जायचा जिना. हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर मला तयार विकतचं यंत्र नको झालं. विकतची उत्तम असतात, माझ्या डब्यापेक्षा नक्कीच सरस असतात. पण मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, वर्गात फळ्यावर डीएसी (डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर) म्हणून एक चौकोन काढते, डावीकडून आकडे आत आणि उजवीकडून नागमोडी रेषा बाहेर, आणि त्या चौकोनात काय चालतं ते स्वतःच्या हातांनी एकदा तरी करून बघावं ही इच्छा फार वर्षांची होती. या फाइलींनी तिला निमित्त दिलं.

ते ४४,१०० सुद्धा मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. हा आकडा कानाच्या अभ्यासातून सरळ निघालेला नाही. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, म्हणून त्याच्या दुपटीहून थोडं जास्त हवं, हे खरं. पण नेमका हाच आकडा का, तर त्या काळी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच सोयीची होती. सेकंदाला ६० फील्ड (टीव्हीच्या चित्राचे अर्धे भाग), प्रत्येकात वापरता येणाऱ्या २४५ ओळी, ओळीला ३ नमुने: गुणाकार ४४,१००. आपल्याकडच्या टीव्हीच्या मापाने ५० फील्ड, २९४ ओळी, ३ नमुने: तोही ४४,१००. दोन्हीकडे जुळलं म्हणून ठरलं आणि १९८२ मध्ये सीडी आली ती हाच आकडा घेऊन. गावभागातल्या माडीवरची भैरवी आज मी ऐकते ती टीव्हीच्या ओळींच्या हिशेबाने कापलेली आहे, याचं मला अजूनही नवल वाटतं.

चिप निवडली पीसीएम १७९४ए. कागदावर तिची झेप, म्हणजे सर्वांत मोठा आवाज आणि तळची खरखर यांतलं अंतर, १२७ डेसिबलची आहे. साध्या कॅसेटची झेप पन्नास-पंचावन्न डेसिबलच्या आसपास, तेव्हा काकांच्या फितींसाठी एवढी चिप म्हणजे जरुरीपेक्षा कितीतरी जास्त. हे मला माहीत होतं. तरी हवी होती, कारण जे काही हरवलं असेल ते फितीवर हरवलेलं असू दे, भावाच्या कॉम्प्युटरमध्ये हरवलेलं असू दे, माझ्या टेबलावर मात्र काही हरवायला नको होतं. ही चिप व्होल्टेज देत नाही, करंट देते, जेमतेम ७.८ मिलिअँपिअरच्या पट्ट्यातला, आणि त्याचं व्होल्टेज करणं आपल्यावर सोडते. सगळा जीव तिथे असतो. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. डब्यातून बाहेर जाणारा मोठ्यात मोठा आवाज २ व्होल्ट आरएमएसचा, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सुमारे ५.७ व्होल्टचा धरला तर एक पायरी साधारण ८६ मायक्रोव्होल्टची. २४ बिटांवर गेलं तर पायरी मायक्रोव्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि नुसता टेबलावर पडलेला एक किलोओहमचा रेझिस्टर खोलीच्या उबेने जेवढा कुजबुजतो तेवढ्यातही ती बुडून जाते. हा हिशेब वर्गात करून दाखवते तेव्हा मागच्या बाकावरचेही गप्प होतात. पदार्थ आहे, त्याला ऊब आहे, म्हणून तो बोलतोच.

ट्रान्सफॉर्मर कुपवाडला गुंडाळून घेतला. १५-०-१५ आणि ९ व्होल्टचं वेगळं वाइंडिंग, प्रायमरी-सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक वेढा, तो अर्थला जोडलेला. वाइंडिंगवाल्या दादांना स्टॅबिलायझरची सवय, तांब्याचा पडदा कशाला असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, गाण्यासाठी. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण घ्यायला गेले तेव्हा वार्निशमध्ये बुडवून, दोन दिवस वाळवून, लोखंडी पट्ट्या अशा आवळून ठेवला होता की कान लावला तरी गुणगुण नाही. बाकीचं सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून. जे तिथे मिळालं नाही ते कुरिअरने. यूएसबीतून आयटूएस, म्हणजे चिपला समजणारा आकड्यांचा प्रवाह, काढणारा बोर्ड तयार घेतला, त्यावर दोन क्रिस्टल ऑसिलेटर बसवलेले, एक २२.५७९२ मेगाहर्ट्‌झचा आणि एक २४.५७६ चा. पहिल्याला ५१२ ने भागलं की बरोबर ४४,१००. इथेच सगळं ठरतं. आकडे अचूक असले तरी ते कोणत्या क्षणी बाहेर पडतात हे चुकलं तर रेष वाकडीच निघणार. संगीतवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. सूर बरोबर आणि जागा चुकली, तर काय होतं ते त्यांना ठाऊक असतं.

चिपचे पाय एकमेकांपासून ०.६५ मिलिमीटरवर. दुपारी, खिडकीतला उजेड डावीकडून येतो तेव्हा, भिंग लावून मी ती बसवली. राळेचा वास, १८३ अंशांना एकाएकी पाण्यासारखं होणारं सोल्डर, ते पायांच्या कडेने ओढत नेताना हाताला जाणवणारी ती बारीक ओढ. मला हे काम मनापासून आवडतं. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही येत नाही.

मोजमाप रात्री अकरानंतर. पंखा बंद, फ्रीज बंद, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर, कारण चार्जर लावला की अर्थचा एक नसता फेरा पूर्ण होतो आणि पडद्यावर ५०, १००, १५० हर्ट्‌झच्या काड्या उभ्या राहतात. डब्याला १ किलोहर्ट्‌झचा शुद्ध स्वर वाजवायला सांगायचं, बाहेर आलेला स्वर दुसऱ्या यंत्राने पुन्हा आकड्यांत घ्यायचा आणि त्याची फोड बघायची. मधोमध एकच उंच सुळका, आणि २, ३, ४ किलोहर्ट्‌झवर काही उगवलंच असेल तर ती डब्याची स्वतःची भर. एका रात्री ती भर इतकी खाली गेली की माझ्या मोजणाऱ्या यंत्राचीच मर्यादा आली. सगळ्या पट्ट्यावरून स्वर चढवत नेऊन प्रतिसादही एकदा काढून ठेवला होता, २० पासून २० हजारपर्यंत पट्टी ठेवल्यासारखा सपाट. मग रोजची पडताळणी तेवढ्या एका स्वरावर. त्या आनंदात दुसऱ्या दिवशी आईला हाक मारली होती.

मिरजेला आमचं घर सतारमेकर गल्लीपासून लांब नव्हतं. आईचा तंबोरा जवारीला न्यायचा असला की मी मागून त्याचा भोपळा धरायला. दुकानात चपड्याचा आणि स्पिरिटचा वास, भिंतीला टांगलेले भीमाकाठचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळके भोपळे, तूणच्या लाकडाचा तांबूस भुसा पायांखाली. चाचा तंबोरा आडवा मांडीवर घेत, तारा सैल करून घोडी मोकळी करत आणि तिच्या पाठीवर बारीक कानस फिरवत. दोन-तीन हात, फुंकर, पुन्हा तारा चढवायच्या, सूत सरकवत सरकवत बघायचं, छेडायचं, मान डावीकडे कलती. पुन्हा तारा सैल. जून महिन्याच्या उकाड्यातही तेवढा वेळ पंखा बंद असे आणि दुकानात येणारा माणूस दारातच थांबे. एकदा मी विचारलं होतं, चाचा, झालं हे कसं कळतं? ते म्हणाले, "बेटा, तार सुटली की आवाज आधी समोर येतो, मग उघडतो. उघडत उघडत वर जातो. वर जायचा थांबला की समज, अजून घासायचंय." मला ते तेव्हा मुळीच कळलं नव्हतं. घोडीच्या त्या जेमतेम दिसणाऱ्या उतारावर तार दर हेलकाव्याला टेकते आणि सुटते आणि त्या घसटीतून वरचे स्वर पुन्हा पुन्हा जन्मतात, हे पुढे पुस्तकात वाचलं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंबोऱ्या-वीणेवर लिहिलेलं आहे: तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वरांचा) स्थिर बिंदू पडतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटायलाच नकोत, पण तंबोऱ्यात ते भरभरून उमटतात. नियम मोडतो तो घोडीमुळे आणि त्या सुतामुळे. चाचांनी ते निबंध वाचलेले नसणार. त्यांना नियम कुठे मोडायचा ते बोटांनी माहीत होतं.

आणि मोजायची हौस काही या भागाला नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी १९१० च्या सुमारास ताणलेल्या तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचा हिशेब मांडला. त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांनी गाऊन स्वर दाखवले. पुढे ई. क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीशही त्या उद्योगात आले. देवलांच्या आकड्यांवर तेव्हाही वाद झाले, आजही होतात, आणि त्या वादात मला पडायचं नाही. मला दिसतं ते एवढंच: एक पेन्शनर माणूस तारेखाली मोजपट्टी धरून बसलाय आणि समोर खाँसाहेब गळ्यातून गंधार धरून ठेवतायत, तो मोजून होईपर्यंत. खाँसाहेबांनी त्याला वेडा म्हणून उठवून लावलं नाही. मोजणाऱ्याला त्यांनी आपला सूर दिला. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, मिरजेच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे, आणि उरुसाच्या रात्री तिथल्या चिंचेखाली बसून आई तिच्या तरुणपणी पहाटेपर्यंत गाणं ऐकत असे. कान आणि मोजपट्टी यांचं भांडण आहे असं सांगणारी माणसं मला पुष्कळ भेटतात, दोन्ही बाजूंची. मला ते या मातीला धरून वाटत नाही.

तर आईचं ते वाक्य. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा बसवलं आणि नीट विचारलं. तिने डोळे मिटून ऐकलं. "गंधार आहे बघ. खर्जातून स्वच्छ येतोय. पण त्याच्या वरचं नाही. मिटल्यासारखं झालंय." हे उत्तर इतकं नेमकं होतं की मी वहीत लिहून ठेवलं. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा तो स्वयंभू गंधार म्हणजे पाचवा उपस्वर, चारशे हर्ट्‌झच्या आतला. तो शाबूत असेल आणि वरचं नसेल, तर बिघाड वर आहे. पण आईचं वय शहात्तर. एक दिवस आधीच मी तिच्या कानांची गंमत म्हणून चाचणी घेतली होती, हेडफोन लावून एकेक स्वर चढवत नेला, आणि आठ हजारांच्या आसपास ती म्हणाली, आता काही नाही. मला तेराच्या पुढेही ऐकू येतं. वरचं जे काही आहे ते माझ्या कानांनी धरायला हवं होतं, तिच्या नव्हे. मला तर तो आवाज आवडत होता. मऊ, गोल, जुन्या लाकडासारखा. पावसाळा सुरू झाल्यापासून डबा मुरत चाललाय असं मी मनाशी म्हणत होते.

त्या रात्री पुन्हा २० पासून २० हजारपर्यंत स्वर चढवत नेला. रेषा एक हजारापर्यंत सरळ आली आणि मग उतरायला लागली. सावकाश, कुठेही न अडखळता, घाट उतरावा तशी. पाच हजारांवर साडेचार डेसिबल खाली, दहा हजारांवर साडेसात, पुढे उतार मंदावत वीस हजारांवर साडेनऊ. एक हजारावर मात्र फरक अर्ध्या डेसिबलहून कमी, म्हणून रोजच्या त्या एका स्वरात काही दिसत नव्हतं. आणि ती रेषा बघताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ती ओळखीची होती. बिघाडाची रेषा अशी देखणी नसते. ही कुणीतरी आखलेली होती. सीडीच्या सुरुवातीच्या वर्षांत आकड्यांतून आवाज करणारी यंत्रं जरा खरखरत, म्हणून ध्वनिमुद्रण करतानाच वरचे स्वर ठरलेल्या प्रमाणात वाढवून ठेवायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे, खरखरही त्याबरोबर उतरते, अशी एक युक्ती होती. ५० आणि १५ मायक्रोसेकंद हे तिचे ठरलेले आकडे. ही उतरवण्याची सोय, डी-एम्फसिस, आजच्या चिपमध्येही जुन्या सीडींसाठी ठेवलेली असते. तिच्यासाठी चिपला एक वेगळा पाय असतो. तो ग्राउंडला असेल तर सोय बंद, वर, म्हणजे पुरवठ्याच्या व्होल्टेजला, असेल तर चालू. काकांच्या फाइलींमध्ये असं वाढवलेलं काही नाही. तेव्हा तो पाय कायम ग्राउंडला हवा, आणि आराखड्यात तो ग्राउंडलाच आहे.

उदबत्तीची काडी घेऊन, कोरडी, तो पाय हलकेच दाबला. पडद्यावरची रेषा उडी मारून सपाट झाली. काडी उचलली, थोड्या वेळाने पुन्हा उतार. भिंगाखाली सोल्डर चकचकीत दिसत होतं, पण पाय आणि पॅड यांच्यामध्ये राळेचा पातळ पापुद्रा होता. पाय अधांतरी, कोरड्या हवेत खाली राहायचा, पावसाळी दमट हवेत कधी वर जायचा. म्हणून पहिल्या वेळी रेषा सपाट आली होती आणि म्हणूनच हा डबा आषाढात "मुरला" होता. पुस्तकातल्या सूत्राने मी ती उतरती रेषा काढून दोन्ही एकावर एक ठेवल्या. त्या इतक्या जुळल्या की वेगळ्या दिसेनात. आईने बंद डोळ्यांनी जे सांगितलं होतं ते तीन हजार ते आठ हजारांच्या मधलं, तिच्या कानांच्या कक्षेतलंच होतं. तिच्या कानांत पट्टा माझ्याहून कमी उरलाय. पण त्या पट्ट्यात कुठे काय असायला हवं हे तिला माहीत आहे, कारण चाचांनी कानस ठेवून "आता वाजव" म्हटलं की वाजवणारी तीच असायची.

पाय पुन्हा नीट बसवला, सोल्डर त्याच्याखालून वाहताना दिसेपर्यंत टोक टेकवून ठेवलं. मग एकटीने ऐकायला बसले.

आणि मला तो आवाज आवडला नाही. हे लिहायला हवं, कारण त्या रात्री मला जे वाटलं ते सरळ समाधान नव्हतं. फितीची सळसळ पुढे आली होती, माडीवरचा एक खोकला एकदम जवळ आला, तबल्याच्या शाईवरची थाप कोरडी लागली. तंबोरा उघडला होता खरा, तार सुटली की आवाज समोर येऊन वर वर चढत होता, पण त्याला एक धार होती, लाकडापेक्षा धातूची. इतके दिवस ज्या गोडव्याला मी माझ्या हातांचं श्रेय देत होते तो एका अधांतरी पायाचा होता, आणि तो गेल्याची मला हळहळ वाटली. चिपचा तो पाय ग्राउंडला कायमचा बांधावा की समोर एक स्विच ठेवावा, यावर मी बरेच दिवस घालवले. स्विच सोपा आहे. बाजारातल्या महागड्या डब्यांवरही असे स्विच असतात, कुणी मऊ ऐकावं, कुणी उघडं. शेवटी ठेवला नाही. त्या माडीवर ज्या रात्री जे वाजलं त्याला धार असेल तर ती धार मला ऐकायला हवी. ज्यांचं गाणं दुसऱ्या कुठल्याही जागी उरलेलं नाही त्यांच्या बाबतीत माझ्या आवडीला जागा देणं मला जड वाटतं. महिन्याभरात कान सरावले. आता त्या मऊ आवाजाचं जुनं मोजमाप-ध्वनिमुद्रण लावलं तर मलाच ते मिटलेलं वाटतं आणि आईचा शब्द आठवतो.

आईने दुरुस्त डब्यावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जवारीबद्दल अवाक्षर काढलं नाही. पंचम थोडा उतरलाय म्हणाली. मग म्हणाली, त्या रात्री उतरलाच होता, हवा दमट होती आणि मधेच सूर बारीक जुळवायचा मणी सरकवता आला नाही, बुवांनी मागे वळून बघितलं होतं.

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दोघी फाइली लावत बसतो. डिस्कवर शंभराहून जास्त आहेत, नावं काकांच्या कव्हरवरून उतरवलेली, काही अर्धवट, काही नुसत्या तारखा. काकांकडे दोन तंबोरे होते, एक आईचा तिथेच ठेवलेला आणि एक वाड्यातला जुना. पहिल्या दोन-तीन आवर्तनांतच आई सांगते कोणता. जुन्याची जवारी जरा गोल, तिच्या स्वतःच्याची खुली, आणि खुलीतही घोडी बदलण्याआधीची वेगळी आणि नंतरची वेगळी. तिच्या सांगण्यावरून मी फाइलींपुढे खुणा लिहिते. तीच फाइल नंतर कॉम्प्युटरवर उपस्वरांच्या चित्रात बघते, आणि बहुतेक वेळा तिने एक म्हटलेल्या फाइलींची चित्रं एकसारखी निघतात. सातव्या-आठव्या उपस्वराचा उमलण्याचा वेग जुळतो. जिथे जुळत नाहीत तिथे आम्ही पुन्हा ऐकतो.

एका फाइलीवर मात्र अडलंय. नावात काकांनी लिहिलेली तारीख आहे, १९८६ ची दिवाळी. आई म्हणते शक्य नाही, या घोडीचा आवाज आहे तो, आणि ही घोडी चाचांनी माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीला मिरजेला गेलो तेव्हा बसवली, ते साल त्याच्या नंतरचं. काकांना तारखा चुकवायची सवय नव्हती. भावाने फाइलींची नावं देताना दोन कव्हरं अदलाबदल झाली असतील, असंही असू शकतं. कव्हरं आता नाहीत. मी उपस्वरांचं चित्र काढलंय, ते आईच्या बाजूचं दिसतं, पण त्या काळची तुलनेला एकच फाइल आहे. मी नावातली तारीख तशीच ठेवलीय आणि पुढे कंसात आईचं म्हणणं लिहिलंय. तिला ते कंस मान्य नाहीत.